सहज सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनचा मोह

थर्मायॉनिक कन्व्हर्टरची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात करून दिली जाते. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवा, मधली हवा काढून टाका. एक पत्रा पिवळाजर्द दिसेपर्यंत तापवा. त्यातून इलेक्ट्रॉन सुटतील, समोरच्या थंड पत्र्यावर जातील आणि बाहेरून तार जोडली की वीज सुरू. वाफ नाही, टर्बाइन नाही, वंगण नाही, आवाज नाही. मग हे यंत्र सगळीकडे का दिसत नाही? याचे उत्तरही ठरलेले असते: इलेक्ट्रॉन सहजपणे सोडणारा, तरीही उष्णतेला टिकणारा पदार्थ अजून हाती आलेला नाही, तो आला की काम फत्ते.

हे उत्तर ऐकायला रास्त वाटते, पण ते वरवरचे आहे. इलेक्ट्रॉन पुरेसे सोडणारे पदार्थ आपल्याकडे कितीतरी वर्षांपासून आहेत. शिवाय एका मर्यादेपलीकडे तापलेल्या पत्र्याने इलेक्ट्रॉन आणखी सहज सोडले, तरी मिळणाऱ्या विजेत कवडीची भर पडत नाही. या यंत्राचा निकाल लागतो तो थंड पत्र्यावर आणि दोन पत्र्यांमधल्या अर्ध्या मिलिमीटरहून कमी रुंदीच्या फटीत. तिथल्या अडचणींपैकी काही कारागिरीच्या आहेत, पण काही थेट उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमातून आलेल्या आहेत. त्या कोणत्याही नव्या पदार्थाला दाद देणार नाहीत.

व्हॉल्व्हने लावलेली सवय

हा गैरसमज आला कुठून, हे आधी पाहू. दिव्याच्या काचेच्या फुग्यात तापलेल्या तारेजवळ आणखी एक विद्युतअग्र बसवले तर मधल्या निर्वातातून वीज वाहते, हे एडिसनच्या ध्यानात आले आणि १८८३ साली त्याने त्यावर पेटंटसाठी अर्जही केला. त्यामागचे कारण मात्र त्याला सांगता आले नाही. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७चा. १९०१ साली केंब्रिजमध्ये ओवेन रिचर्डसनने या उत्सर्जनाचा नियम मांडला आणि पुढे त्याला १९२८चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

नियमाचा गाभा असा. धातूतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायला काही किमान ऊर्जा लागते, तिला वर्क फंक्शन म्हणतात. टंगस्टनसाठी ती सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. तापमानामुळे इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येणारी ऊर्जा त्या मानाने चिमूटभर असते: १८०० केल्विनला, म्हणजे १५०० अंश सेल्सिअसच्या वर, ती जेमतेम ०.१५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. त्यामुळे बाहेर पडतात ते नशीबवान मोजके. त्यांची संख्या वर्क फंक्शन आणि तापमान यांच्या गुणोत्तरावर घातांकी पद्धतीने अवलंबून असते. निव्वळ टंगस्टन १८०० केल्विनला प्रति चौरस सेंटिमीटर एक दशांश मिलिअँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह देते. वर्क फंक्शन ४.५ऐवजी २.७ असते तर हाच आकडा दहा अँपिअर झाला असता. फरक एक लाख पटींचा. इतका फरक पाहिला की कोणालाही वाटणारच: वर्क फंक्शन खाली आणा, बाकी सगळे आपोआप होईल.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या युगात हे शंभर टक्के खरे होते. १९०४ साली फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह बनवला तेव्हापासून रेडिओ, क्ष-किरण नळी, जुना डब्यासारखा टीव्ही या सगळ्यांत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो. बटण फिरवल्यावर रेडिओ बोलू लागायला जो वेळ लागे, तो कॅथोड तापण्याचा वेळ असे. त्या कॅथोडवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप देत ते अगदी वर्क फंक्शन कमी करण्यासाठीच. पण व्हॉल्व्हमध्ये सुटलेल्या इलेक्ट्रॉनला ओढून नेण्यासाठी बाहेरून शे-दोनशे व्होल्टचा पुरवठा जोडलेला असतो. इलेक्ट्रॉनचे काम फक्त दाराबाहेर येण्याचे. पुढचा सगळा खर्च बाहेरचा पुरवठा करतो. कन्व्हर्टरमध्ये बाहेरचा पुरवठा नाहीच, उलट इलेक्ट्रॉनकडूनच आपल्याला वसुली करायची आहे. व्हॉल्व्हचा निकष तसाच उचलून कन्व्हर्टरला लावणे ही यातली मूळ चूक.

१. चढ किती, हे मुक्काम ठरवतो

तापलेला पत्रा म्हणजे उत्सर्जक, थंड पत्रा म्हणजे संग्राहक. उत्सर्जकातून निघालेला इलेक्ट्रॉन संग्राहकात शिरतो तेव्हा संग्राहकाच्या वर्क फंक्शनइतकी ऊर्जा तो तिथे उष्णतेच्या रूपात टाकतो. ही ऊर्जा वाया जाते. उरते ती बाहेरच्या तारेतून व्होल्टेज म्हणून मिळते. याचा अर्थ असा की, बाहेर ०.६ व्होल्ट हवे असतील आणि संग्राहकाचे वर्क फंक्शन १.६ असेल, तर संग्राहकाच्या पृष्ठभागावर पोहोचण्यासाठी इलेक्ट्रॉनला निदान २.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा चढ चढावा लागणार. फटीत आणखी काही घट होत असेल तर तीही यात मिळवायची.

आता उत्सर्जकाचे वर्क फंक्शन या चढाहून कमी करून पाहू. समजा ते १.५वर आणले. पत्र्यातून इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटेल. पण बाहेरच्या व्होल्टेजमुळे उरलेला चढ आता फटीत उभा राहील आणि लोंढ्यातले बहुतेक इलेक्ट्रॉन अर्ध्यातून माघारी फिरतील. मुंबईहून लोणावळ्याला जायचे तर खोपोलीपर्यंतचा रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी बोरघाट काही कमी होत नाही, तसेच हे. संग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या फक्त दोन गोष्टी ठरवतात: उत्सर्जकाचे तापमान आणि चढाची एकूण उंची. समीकरण मांडले तर त्यातून उत्सर्जकाचे वर्क फंक्शन चक्क गळून पडते. ते चढाच्या उंचीहून जास्त नसावे, एवढीच अट.

या अटीतून निघणारा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. रिचर्डसनचे समीकरण उलटे सोडवा: १८०० केल्विनला प्रति चौरस सेंटिमीटर दहा अँपिअर हवे असतील तर परवडणारा चढ किती? उत्तर येते सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे उत्सर्जकाचे वर्क फंक्शन २.७ असले की पुरे. लँथॅनम हेक्साबोराइडचे साधारण तेवढेच असते आणि कॅथोड म्हणून त्याची ओळख १९५१पासून आहे. टंगस्टनवर सीझियमचा विरळ थर बसवला तरी तेवढेच मिळते. लँगम्यूर आणि किंग्डन यांनी टंगस्टन-सीझियमचा अभ्यास १९२३ साली केला होता. तेव्हा ‘योग्य उत्सर्जक सापडला नाही’ हे पालुपद आता बंद करायला हरकत नाही.

२. एका चौरस सेंटिमीटरचा जमाखर्च

हाच नमुना धरून ताळा मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र त्यांनी बदलत नाही.

उत्सर्जक १८०० केल्विन, संग्राहक ९०० केल्विन, प्रवाह १० अँपिअर. चढ २.७, त्यातून संग्राहकाचे १.६ आणि फटीतली घट ०.५ वजा केली की हाती ०.६ व्होल्ट. म्हणजे वीज मिळाली ६ वॅट.

आता खर्च. प्रत्येक इलेक्ट्रॉन चढाइतकी ऊर्जा तर नेतोच, शिवाय वर सरासरी ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जाही नेतो. मिळून ३ व्होल्ट गुणिले १० अँपिअर, म्हणजे ३० वॅट. १८०० केल्विनचा काळा पृष्ठभाग प्रति चौरस सेंटिमीटर जवळजवळ ६० वॅट प्रारण फेकतो. चकचकीत धातू एकमेकांसमोर असल्याने ते सहाव्या हिश्शावर येते असे धरले तरी १० वॅट गेले. तारांमधून वाहून जाणारी उष्णता आणखी ३ वॅट धरू. एकूण ४३ वॅट उष्णता आत, ६ वॅट वीज बाहेर. कार्यक्षमता १४ टक्के. याच दोन तापमानांमध्ये कोणत्याही उष्णता इंजिनाला ओलांडता न येणारी कार्नोची मर्यादा ५० टक्के आहे.

या ताळ्यात पैसा कुठे मुरतो ते पाहा. चढाच्या २.७पैकी २.१ दोनच ठिकाणी गडप झाले: संग्राहकात १.६ आणि फटीत ०.५. या क्षेत्रातले लोक या दोहोंची बेरीज एकत्रच मोजतात, आणि कन्व्हर्टर चांगला की वाईट हे त्या एका आकड्यावरून ओळखतात. तो आकडा ०.१ने उतरला की वीज ६ची ७ वॅट होते. उत्सर्जकाचे वर्क फंक्शन २.७वरून १.७वर आणले तर वीज ६ वॅटच राहते.

तापमान उतरवल्यावर काय होते तेही याच ताळ्यातून दिसते. दर शंभर केल्विनमागे परवडणारा चढ सुमारे ०.१५ने खाली येतो. १५०० केल्विनला तो २.२ होतो, म्हणजे हाती ०.१ व्होल्ट. १२०० केल्विनला तो १.७, म्हणजे २.१चा भुर्दंडच भरून निघत नाही. दुसरी यंत्रे तापमान कमी झाले की हळूहळू अशक्त होतात, हे यंत्र विशिष्ट तापमानाखाली सरळ दगावते.

३. संग्राहकावर बसलेला कार्नो

मग संग्राहकाचे वर्क फंक्शन उतरवू, असे म्हणणारा योग्य जागी बोट ठेवतो. पण लगेच उष्मागतिकीचा दुसरा नियम आडवा येतो.

संग्राहक ‘थंड’ म्हटला तरी तो ९०० केल्विनला असतो आणि रिचर्डसनचा नियम त्यालाही लागू आहे. तोही इलेक्ट्रॉन सोडतो, उलट दिशेने. वर्क फंक्शन १.६ असताना हा उलटा प्रवाह ०.१ अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे मुख्य प्रवाहाच्या एक टक्का. तो चालवून घेता येतो. आता त्याच तापमानाला वर्क फंक्शन १.० करा. उलटा प्रवाह २०० अँपिअरच्या वर जातो आणि मुख्य प्रवाहाचा मागमूस उरत नाही. तो पुन्हा ०.१ अँपिअरवर आणायचा तर संग्राहक ६०० केल्विनच्या खाली न्यावा लागतो.

थोडक्यात, संग्राहकाचे वर्क फंक्शन त्याच्या तापमानाच्या ठरावीक पटीखाली जाऊ शकत नाही, आणि उत्सर्जकाकडचा चढ त्याच्या तापमानाच्या साधारण तितक्याच पटीच्या वर जाऊ शकत नाही. दोन्हींतला फरक म्हणजे व्होल्टेज. त्याला चढाने भागा आणि समोर जवळजवळ तेच सूत्र येते जे सादी कार्नोने १८२४ साली वाफेच्या इंजिनाचा विचार करताना मांडले होते: एक वजा थंड तापमान भागिले गरम तापमान. त्या टोकाला पोहोचले की सुलटा आणि उलटा प्रवाह समसमान होतात आणि यंत्रातून काहीच वाहत नाही. आदर्श उष्णता इंजिनाचेही असेच असते: कमाल कार्यक्षमता आणि शून्य शक्ती. इथे दट्ट्या नाही, चाक नाही, पण वाफेच्या जागी इलेक्ट्रॉनांचा वायू आहे इतकेच. ‘हलणारे भाग नाहीत’ हे म्हणणेही तसे बरोबर नाही. हलणारा भाग एकच आहे, तो फक्त दिसत नाही.

४. फटीतले भांडण

सगळ्यात गुंतागुंतीचे प्रकरण फटीचे. इलेक्ट्रॉन ऋणभारित. उत्सर्जकातून निघालेल्या पहिल्या तुकडीने फट भरली की ती मागून येणाऱ्यांना ढकलून परत पाठवते. याला स्पेस चार्ज म्हणतात. चाइल्ड आणि लँगम्यूर यांनी १९११ ते १९१३च्या काळात त्याचा हिशेब दिला: प्रवाह फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. अर्ध्या मिलिमीटरची निर्वात फट आणि एक व्होल्टची ओढ असेल तर प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे एक मिलिअँपिअर जाऊ शकतो. आपल्याला हवे दहा अँपिअर, आणि ओढ तर मुळीच नाही. दहा हजार पटींची तफावत ही कन्व्हर्टरची जन्मजात व्याधी.

औषध सापडले ते सीझियमच्या वाफेत. सीझियमची निवड लहरीने झालेली नाही. आयनीभवनाला, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावून धनभारित आयन व्हायला, त्याला फक्त ३.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. स्थिर मूलद्रव्यांत इतके कमी कोणालाच लागत नाहीत. त्याचा आयन इलेक्ट्रॉनच्या जवळपास दोन लाख चाळीस हजार पट जड असतो, म्हणून त्याच तापमानाला तो सुमारे पाचशे पट सावकाश चालतो आणि फटीत रेंगाळतो. त्यामुळे पाचशे इलेक्ट्रॉनांमागे एक आयन निर्माण होत राहिला तरी फटीतला ऋणभार फिटतो. शिवाय तीच वाफ दोन्ही पत्र्यांवर बसते. तापलेल्या पत्र्यावर तिचा थोडाच अंश टिकतो आणि वर्क फंक्शन २.७च्या आसपास येते. थंड पत्र्यावर जाड थर बसतो आणि ते १.६पर्यंत उतरते. एकच वाफ तीन कामे करते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एमआयटीमध्ये हात्सोपौलोस, जनरल इलेक्ट्रिकमध्ये विल्सन आणि लॉस अलामॉसमध्ये ग्रोव्हर यांच्या कामातून हे यंत्र अचानक गंभीरपणे घेतले जाऊ लागले, त्यात सीझियमचा वाटा मोठा.

पण इथेच खरी मेख आहे. सीझियमचा अणू तापलेल्या पत्र्यावर आपटून फुकटात आयन व्हावा, यासाठी पत्र्याचे वर्क फंक्शन ३.८९च्या वर हवे. भरपूर इलेक्ट्रॉन सुटावेत यासाठी ते २.७च्या खाली हवे. एकाच पृष्ठभागाकडून या दोन्ही मागण्या १८०० केल्विनला पुऱ्या होत नाहीत. तापमान बरेच वर नेले तर पुष्कळसा उघडा टंगस्टनही चालतो, पण मग उष्णता देणारे इंधन आणि त्यावरचे कवच यांचे हाल. म्हणून व्यवहारात आयन फटीतच तयार करावे लागतात: इलेक्ट्रॉनांनी सीझियमच्या अणूंना धडका द्यायच्या, फटीत प्लाझ्मा पेटता ठेवायचा. त्याचे सरपण म्हणजे इलेक्ट्रॉनांचीच ऊर्जा. वरच्या ताळ्यातली ०.५ व्होल्टची घट ती हीच. वाफ दाट केली तर इलेक्ट्रॉन अणूंवर आपटून विखुरतात आणि रोध वाढतो. विरळ केली तर आयन कमी पडतात. मधला बिंदू आहे, पण त्या बिंदूवरही कर भरावाच लागतो.

जाता जाता तारांचाही उल्लेख करायला हवा. ०.६ व्होल्ट आणि दहा चौरस सेंटिमीटरचा पत्रा म्हणजे शंभर अँपिअर. एवढा प्रवाह न्यायला तार जाड हवी. पण वीज उत्तम वाहून नेणारा धातू उष्णताही तितकीच उत्तम वाहून नेतो. वीडमान आणि फ्रांझ यांनी १८५३ साली दाखवलेले हे नाते धातूंच्या स्वभावातच आहे. तार जाड केली तर उष्णता पळते, बारीक केली तर व्होल्टेज पडते. निर्वाताने दोन पत्र्यांमधले उष्णतावहन तोडले, हे या यंत्राचे मोठे यश. पण बाहेरच्या तारेने ते थोडेसे पुन्हा जोडलेच.

‘पण फट मायक्रॉनवर आणली तर?’

हा आक्षेप वजनदार आहे. फट एक-दोन मायक्रॉन इतकी अरुंद केली तर स्पेस चार्ज सीझियमशिवायही आवरता येतो. प्लाझ्माचा कर वाचतो, व्होल्टेज ०.६वरून १.१च्या घरात जाते आणि आपल्या ताळ्यात कार्यक्षमता पंचवीस टक्क्यांवर पोहोचते. सूक्ष्मनिर्मितीचे तंत्र आज उपलब्ध आहे आणि अनेक प्रयोगशाळा याच वाटेने निघाल्या आहेत.

वाट चुकीची नाही, पण तिच्यावरही जकात नाके आहेत. १८०० केल्विनच्या प्रारणाचा कळस १.६ मायक्रॉन तरंगलांबीला असतो. फट त्याहून लहान झाली की दोन पृष्ठभागांमध्ये प्रारणाची देवाणघेवाण नेहमीच्या नियमापेक्षा कितीतरी वाढते. जी उष्णता फटीने अडवायची तीच तिच्यातून झिरपते. म्हणजे फट मोठी केली तर इलेक्ट्रॉन अडतात, लहान केली तर उष्णता अडत नाही. सोयीचा पट्टा एक-दोन मायक्रॉनच्या आसपास अडकून पडतो. आता टंगस्टनचा एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. तो खोलीच्या तापमानावरून १८०० केल्विनला नेला की साधारण ७० मायक्रॉन लांब होतो. त्याच्यासमोरचा ९०० केल्विनचा तुकडा त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही. अशा जोडीमध्ये हजारो तास एक मायक्रॉनची फट राखायची, तीही उष्णता न नेणाऱ्या टेकूंवर. यात अशक्य काही नाही. पण ही लढाई यंत्ररचनेची आहे, इलेक्ट्रॉन सहज सोडणाऱ्या पदार्थाची नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागेल.

‘वाया जाणाऱ्या उष्णतेचे काय?’

साखर कारखान्याच्या धुराड्यातून, सिमेंटच्या भट्टीतून, मोटारीच्या सायलेन्सरमधून उष्णता आकाशात जाते. तिच्यावर हे पत्रे बसवा, असा सल्ला हमखास दिला जातो. धुराड्यातून बाहेर पडणारा वायू समजा १७५-१८० अंश सेल्सिअसला आहे, म्हणजे ४५० केल्विन. दहा अँपिअरऐवजी एकाच अँपिअरवर समाधान मानले तरी या तापमानाला परवडणारा चढ ०.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. संग्राहकाचे वर्क फंक्शन, फटीतली घट आणि व्होल्टेज हे सगळे त्यात बसवायचे. फॉस्फरस मिसळलेल्या हिऱ्याच्या पातळ थरावर प्रयोगशाळेत ०.९ इतके वर्क फंक्शन मोजले गेले आहे आणि ही फार मोठी मजल मानली जाते. तेही इथे तोकडे पडते. साखर कारखान्यांतला सहवीजनिर्मितीचा प्रकल्प बगॅसवर वाफ करून टर्बाइन फिरवतो, ते बरोबरच करतो.

या यंत्राची जागा ज्वाळेच्या वरच्या टोकाला आहे. कोळशाच्या बॉयलरमध्ये ज्वाळा १५०० अंशांच्या पुढे असते आणि वाफ मात्र ५४० ते ६०० अंशांची. मधला एवढा मोठा उतार काहीही काम न करता वाया जातो. आपला संग्राहक ९०० केल्विनला, म्हणजे ६२७ अंश सेल्सिअसला उष्णता टाकतो. ती वाफेला नेमकी उपयोगी. वर १४ टक्के वीज काढून उरलेल्या ८६ टक्के उष्णतेवर ४० टक्के कार्यक्षमतेची टर्बाइन चालवली, तर बेरीज ४८ टक्क्यांवर जाते. कागदावर ही कल्पना देखणी आहे आणि अमेरिकेत तिच्यावर बराच खर्चही झाला. पण प्रति चौरस सेंटिमीटर ६ वॅट म्हणजे एका मेगावॅटला सुमारे १७ चौरस मीटर टंगस्टन, तेही ज्वाळेतल्या ऑक्सिजनपासून वाचवण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडच्या कवचात. पत्र्यांची प्रत्येक जोडी ०.६ व्होल्टची, आणि एका मेगावॅटला सोळा लाखांहून अधिक अँपिअर, नाहीतर हजारो जोड्यांची इन्सुलेशन सांभाळत केलेली माळ. तोवर गॅस टर्बाइनवाल्यांनी पात्यांचा धातू सुधारला, आतून हवा खेळवून पाती थंड ठेवली आणि त्याच वरच्या तापमानाचा फायदा उठवत वाफेच्या जोडीने साठ टक्क्यांची मजल मारली. थर्मायॉनिकची ही जागा पदार्थाअभावी गेली नाही. शेजाऱ्याने ती आधी बळकावली.

‘रशियनांनी तर उडवून दाखवले’

दाखवले, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. १९८७ साली सोव्हिएत संघाने कॉसमॉस १८१८ आणि कॉसमॉस १८६७ हे दोन उपग्रह टोपाझ अणुभट्टीसह कक्षेत सोडले. अणुइंधनाच्या भोवतीच उत्सर्जक, त्याबाहेर फट, त्याबाहेर संग्राहक, अशी नळीत नळी बसवलेली रचना. विजेची शक्ती सुमारे ५ किलोवॅट. पहिली भट्टी सुमारे पाच महिने चालली, दुसरी सुमारे अकरा. दोन्हींचा शेवट सीझियमचा साठा संपल्याने झाला, कारण वाफ फटीतून वाहती ठेवून बाहेर सोडली जात होती. उत्सर्जकाने दगा दिला नव्हता. याच घडणीच्या भट्ट्यांना सतावणारी दुसरी व्याधी अशी की, युरेनियमचे इंधन किरणोत्सारात फुगत जाते, उत्सर्जकाला आतून ढकलते आणि तीन-चार दशांश मिलिमीटरची फट बुजून दोन्ही नळ्या एकमेकींना टेकतात. पुन्हा फटच.

इतक्या कमी कार्यक्षमतेचे यंत्र अवकाशात न्यावे असे कोणाला का वाटावे, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण तिथे संग्राहकाचा सगळा हिशेबच उलटतो. अवकाशात उष्णता टाकायला नदी नाही, हवा नाही. प्रारण हा एकच मार्ग, आणि प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ९०० केल्विनचा रेडिएटर ४०० केल्विनच्या रेडिएटरपेक्षा पंचवीस पट लहान असला तरी चालतो. आता समजा १.६च्या जागी ०.९ वर्क फंक्शनचा संग्राहक मिळाला. आपल्या ताळ्यात व्होल्टेज १.३ होते आणि कार्यक्षमता १४वरून तीस टक्क्यांवर उडी घेते. प्रत्येक किलोवॅट विजेमागे टाकायची उष्णता ६.२ किलोवॅटवरून २.३वर येते. पण उलटा प्रवाह आवरण्यासाठी तो संग्राहक ५३० केल्विनच्या आसपास ठेवावा लागतो, आणि त्या तापमानाला प्रति चौरस मीटर प्रारण आठपटीने घटते. गुणाकार-भागाकार करा: कार्यक्षमता दुपटीने वाढली आणि रेडिएटर तिप्पट मोठा झाला. प्रक्षेपकावर वजनाचा प्रत्येक किलो मोजून घेणारा अभियंता ०.९च्या हिऱ्याचे तोंडभरून कौतुक करील आणि यानावर सीझियमचा थर बसलेला जुना १.६चाच संग्राहक चढवील.